कार्बनची सायकल : आवळण्याची मर्यादा

बोल्ट ढिला राहण्यापेक्षां एक फेरा अधिक आवळलेला बरा, अशी वडील मंडळींची समजूत असते. पोलादी सायकलीपुरती ती बहुधा निभते. परंतु मुलांनीं मागविलेली कार्बनची सायकल घरींच जोडावयाची असेल, तर तीच घातक ठरते, हें आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाचें आहे.

कार्बनचे सूक्ष्म तंतू राळेंत बसवून ही फ्रेम घडवितात. ताण सोसण्यांत ती पोलादासही हार जात नाहीं. मात्र एके जागीं चिमटली, कीं आंतले थर चिरडतात. धातु बहुधा आधीं वांकून सूचना देतो. कार्बन एकाएकीं तुटूं शकतो.

म्हणून जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, अवश्य वापरावा. सीटच्या दांड्यास व हँडलला बहुधा ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. भागावर छापलेला आंकडाच प्रमाण मानावा. ५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशीं अवघें अडीच किलो वजन! दांडा घसरल्यास अधिक न आवळतां रवाळ कार्बन पेस्ट लावावी. साधें ग्रीस नको.

धुण्यास साबणाचें पाणी व मऊ फडकें पुरे. पुसतांना चीर किंवा मऊ लागणारी जागा आढळली, अथवा सायकल जोरानें आपटली, तर जाणकारास दाखविल्यावांचून तीवर कोणासही बसूं देऊं नये. रंगाखालीं तडा लपतो.

आंकड्याचें हें बंधन घरांतील थोरांनीं आधीं पाळावें. मुलें तें पाहूनच शिकतील.