थ्रॉटल बॉडी आणि माथा गेलेला स्क्रू

पूर्वी मोटारसायकलला कार्बोरेटर असे. रविवारी सकाळी वस्तीत चार पोरे जमावीत, कार्बोरेटर उघडावा, जेट फुंकून साफ करावे आणि दुपारच्या जेवणापर्यंत गाडी चालू करावी, असा क्रम होता. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 चे नियम लागू झाले. बहुतेक नव्या गाड्यांवर इंधनाचे इंजेक्शन आले आणि कार्बोरेटरची जागा थ्रॉटल बॉडीने घेतली. ही वस्तू वरून अगदी साधी दिसते. ॲल्युमिनियमची ओतीव नळी, तिच्या आत दांड्यावर फिरणारी चकती आणि बाजूला ती चकती किती उघडली हे कळविणारा सेन्सर. मूठ पिळली की चकती उघडते, हवा आत जाते आणि तिच्या मानाने पेट्रोल किती फवारायचे हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवितो.

साधी दिसते म्हणूनच आमच्या तरुण बंधूंचे हात शिवशिवतात. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. ज्या घरातला मुलगा दिवसभर पार्सले पोचवितो आणि गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, त्या घरी गाडी दोन दिवस गॅरेजात अडकली की दोन दिवसांची कमाई बुडते. तेव्हा नळीच्या तोंडाशी साचलेली काजळी क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसणे प्रत्येकाने शिकावे. मात्र खरवडू नये, कारण काही बॉडींना आतून खास लेप दिलेला असतो.

आमचा विरोध आहे तो 'पिकअप वाढतो' म्हणून नळी कानशीने मोठी करण्याला आणि चकती काढून घासण्याला. हवा जास्त गेली तरी ईसीयूच्या हिशेबात ती बसतेच असे नाही. मग पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते, गाडी एका जागी स्थिर चालत नाही. शिवाय चकती दांड्याला दोन बारीक स्क्रूंनी जोडलेली असते आणि त्या स्क्रूंची मागची टोके कारखान्यातच ठोकून पसरविलेली असतात. ते सुटून इंजिनात पडू नयेत, एवढ्याचसाठी ही व्यवस्था. जोर लावून ते काढले की माथा तरी जातो, नाहीतर दांड्यातले आटे तरी जातात. पुढे असा स्क्रू सैल होऊन आत ओढला गेला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनचे नुकसान ठरलेले. चकती तिरकी बसून उघडीच अडकली, तर मूठ सोडूनही गाडी थांबत नाही. भर रस्त्यात हे घडले तर काय होईल, याचा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांनीही करावा. कायद्याची बाजूही आहेच. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

आता माथा का जातो ते पाहू. 1985 साली हिरो होंडा सीडी 100 आली, त्याच सुमारास इतरही जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या. त्यांच्यासोबत फुलीच्या स्क्रूची जपानी पद्धत, म्हणजे जेआयएस, आपल्याकडे पोचली. आपल्या घरातला 'स्टार' पेचकस बहुधा अमेरिकन फिलिप्स पद्धतीचा असतो. दोन्ही फुल्या दिसायला सारख्या. पण जपानी फुलीत फिलिप्सचे टोक तळाला आधी टेकते, कडांना नीट भिडत नाही आणि जोर लावताच घसरून वर येते. अशा स्क्रूच्या माथ्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की जेआयएसचा पेचकस हाती घ्यावा. त्याच्यासारखी स्वस्त विमा पॉलिसी नाही!

माथा गेलाच असेल तर घाई करू नये. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. पेट्रोलच्या नळीत दाब असतो, तेव्हा तिला हात लावण्यापूर्वी तो उतरवावा. रीत गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. फुलीतला मळ सुईने काढावा, गंज सोडविणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी पेचकसाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावावी, तिच्या खरखरीतपणाने पकड येते. फिरविण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्यावा. माथा वर आलेला असेल तर ग्रिप प्लायरने बाजूने धरावा, किंवा हॅक्सॉच्या पात्याने त्यावर आडवी खाच पाडून चपटा पेचकस लावावा. कारखान्यात लावलेला डिंक सुटत नसेल तर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री माथ्यावर थोडा वेळ टेकवावी. पण बॉडी गाडीवरून काढून, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावर, मोकळ्या हवेत. ज्योत कधीच नको. हातोडीने ठोकून सोडविणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर इंजिनच्या कव्हरला चालतो, या पातळ ओतीव भागाला तडा जातो. यानेही सुटला नाही, तर ड्रिल मारून काढण्याचे काम लेथवाल्या मिस्त्रीकडे द्यावे.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. ज्या स्क्रूवर रंगाचा ठिपका मारलेला आहे, आणि ज्यांनी सेन्सर बसविला आहे, त्यांना हात लावू नये. ती मोजमापे कारखान्यात ठरलेली असतात आणि घरी बसवायला साधन नसते.

काढलेले स्क्रू जागेच्या खुणेसह वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. (स्वयंपाकघरातल्या नव्हे, भगिनींची बोलणी बसतील!) बसविताना पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी द्यावेत, कारण ॲल्युमिनियमचे आटे फार मऊ असतात. सगळे जोडून झाल्यावर इंजिन बंद असतानाच मूठ पूर्ण पिळून सोडावी. हँडल डावीकडे वळवून, मग उजवीकडे वळवून तसेच करावे. प्रत्येक वेळी चकती खटकन बंद झाली, तरच चावी फिरवावी.