ठिणगीची वेळ

(बी. ए. भाग दोन)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मराठी वाङ्मय, इतिहास आणि राज्यशास्त्र या आमच्या विषयांत पिस्टन कुठेच येत नाही. पण माझे निम्मे शिक्षण कॉलेजात आणि निम्मे बोरी अरबच्या एका गॅरेजात झाले आहे. दहावीनंतरची प्रत्येक सुट्टी मी तिथेच काढली. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बाबा शेतमजुरी करतात. त्यामुळे फीचे पैसे हाताला काळे लागल्याशिवाय मिळत नाहीत.

या उन्हाळ्यात गावातला एक मित्र पुण्याहून एक खोके घेऊन आला. आत एक निळी बाटली, दोन झडपा, काही नळ्या आणि एक इंग्रजी पुस्तिका होती. हा जुना नायट्रस संच त्याला आपल्या जुन्या मारुती ८०० ला बसवायचा होता. मिस्त्रींनी खोक्याकडे पाहून मान हलवली. मित्र मला म्हणाला, "तू शिकलेला हायेस. पुस्तक वाच अन् बसवून दे." पुस्तिका घेऊन मी शब्दकोशासह चार रात्री बसलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम इंजिनाचे मूळ काम पाहू. जर्मनीच्या निकोलाउस ओटोने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले. ओढणे, दाबणे, पेटणे आणि फेकणे, हे ते चार टप्पे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले गेले की प्लगची ठिणगी पडते. ही ठिणगी पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोहोचल्यावर पडत असेल असे आपल्याला वाटते. तसे नसते. मिश्रण एकदम पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँक एका सेकंदात १८,००० अंश फिरतो. ज्योत पसरायला एका सेकंदाचे दोन हजारांश भाग लागले तरी तेवढ्यात क्रँक ३६ अंश पुढे गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच द्यावी लागते, म्हणजे सर्वांत जास्त दाब पिस्टन खाली वळल्यावर साधारण १५ अंशांच्या सुमारास येतो. झोक्याला धक्का द्यायचा तो झोका मागे येऊन परत फिरताना. झोका अजून येत असतानाच धक्का दिला तर आपलाच हात मुरगळतो. टायमिंग म्हणतात ते हेच.

जुन्या गाड्यांत हे टायमिंग डिस्ट्रिब्युटर फिरवून लावतात. आमच्याकडे त्याला डेल्को म्हणतात. नव्या गाड्यांत ते संगणक ठरवतो. डेल्कोचा नट सैल करून जरा फिरवला की ठिणगी आधी किंवा उशिरा पडते. जरा आधी पडली तर गाडी चपळ वाटते. मात्र फार आधी पडली तर पिस्टन वर चढत असतानाच दाब वाढतो, ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिनातून टकटक आवाज येतो. याला नॉकिंग म्हणतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. अकरावीच्या सुट्टीत एका दुकानदाराची मारुती आली होती. पिकअप नाही अशी तक्रार होती. मिस्त्री जेवायला गेले होते. मी डेल्को थोडा फिरवला, गाडी पळू लागली आणि मालकाने मला वीस रुपये बक्षीस दिले. पंधरा दिवसांनी तीच गाडी दोरीने ओढत आणली. भर उन्हात, पाच माणसे आणि सामान घेऊन ती यवतमाळला निघाली होती. मधल्या पिस्टनला बोटभर भोक पडले होते. मी खरे सांगितले. मिस्त्री एवढेच म्हणाले, "अबे पोट्ट्या, मशीन घाई करत नाही, मानूस करते." सुट्ट्या भागांचे पैसे त्यांनी दिले आणि त्या उन्हाळ्यात मला मजुरी मिळाली नाही. बारावीची फी भरायला मायने दोन बकऱ्या विकल्या.

आता नायट्रसकडे वळू. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसविणारा वायू. जोसेफ प्रीस्टलीने तो १७७२ साली प्रथम तयार केला. हम्फ्री डेव्हीने त्याचे प्रयोग केले आणि शस्त्रक्रियेत वेदना कमी करण्यासाठी तो उपयोगी पडेल असे १८०० साली लिहून ठेवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाची ताकद टिकवण्यासाठी तो वापरला. हा वायू स्वतः जळतो असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वजनाने पाहिले तर हवेत सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमधल्या उष्णतेने तो फुटतो आणि प्राणवायू मोकळा होतो. जास्त प्राणवायू म्हणजे जास्त पेट्रोल जाळण्याची सोय. नायट्रस ही चुलीतली फुंकर आहे, लाकूड नव्हे. लाकूड वेगळे द्यावे लागते. ते कमी पडले तर ज्योत पिस्टनलाच खाते. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि सिलिंडरमधली ज्योत २००० अंशांच्याही वर जाते.

म्हणून संच बसवण्याआधी तयारी करावी लागते. सर्व सिलिंडरांचा दाब मोजून सारखा आहे ना, ते पाहावे. एक सिलिंडर आधीच थकलेला असेल तर पहिला बळी त्याचाच. नंतर प्लग. नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या थंड जातीचे प्लग घ्यावेत. थंड प्लग आपली उष्णता लवकर इंजिनाकडे सोडतो. गरम प्लगचे टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. प्लगची फटही कमी करतात, नव्या गाडीतल्या १ मिलिमीटरची साधारण ०.८. दाट मिश्रणातून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त जोर लागतो, आणि फट मोठी असेल तर ऐन वेळी ठिणगी पडतच नाही.

मग टायमिंग. नायट्रसमुळे ज्वलन वेगाने होते, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. वाढणाऱ्या दर ५० अश्वशक्तीमागे सुमारे २ अंश मागे घ्या, असा नियम प्रचलित आहे. येथे मी थांबलो. हा नियम अमेरिकेतल्या मोठमोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनांवर घडला. मित्राची गाडी ७९६ घनसेंटिमीटरची, तीन सिलिंडरची. तिची सगळी अश्वशक्ती चाळिशीच्या आत. तिला २५ ची भर म्हणजे अर्ध्याहून अधिक. नियमाने एक अंश मागे घेऊन काय होणार? त्यासाठी शक्तिमापक यंत्रावर गाडी चढवून थोडे थोडे करून पाहावे लागते. ते यंत्र आमच्या गॅरेजात नाही.

दुसरा अडसर आपल्या उन्हाचा. बाटलीत नायट्रस द्रवरूप असतो. बाटलीतला दाब दर चौरस इंचाला ९०० ते १००० पौंड असावा असे सांगतात. थंड देशांत त्यासाठी बाटली तापवण्याची सोय करतात. पण ३६.४ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२ अंश असतात. बंद गाडीत तर विचारूच नका. दाब भलताच वाढला की वायूचे प्रमाण बदलते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. म्हणजे पुन्हा फुंकर जास्त आणि लाकूड कमी. शिवाय झडप फक्त पूर्ण अॅक्सिलरेटरला आणि ठरावीक फेऱ्यांच्या वरच उघडेल असे दोन स्विच हवेत. मित्राच्या खोक्यात एकही नव्हता.

तिसरा अडसर रस्त्याचा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यती झाल्या आहेत. तिथे समोरून कोणी येत नाही. आमच्या दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर कापसाच्या गाड्या, शेळ्या आणि शाळेतून परतणारी मुले असतात. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ तर कंपनीने दिलेल्या नोंदीशी विसंगत असा बदल करायलाच मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला.

हे सगळे मी मित्राला वहीतून वाचून दाखवले. तो म्हणाला, "कॉलेजात जाऊन तू भित्रा झालास." खोके उचलून तो गेला, आणि अजून माझ्याशी बोलत नाही. मला त्याचे वाईट वाटते, कारण लहानपणी एकाच सायकलवर आम्ही शाळेत जात होतो. पण त्या मधल्या पिस्टनचे भोक मी पाहिले आहे. मिस्त्रींनी तो पिस्टन अजून खिडकीत ठेवला आहे. त्यात ते नट-बोल्ट ठेवतात.

मित्र म्हणाला तसा मी भित्रा झालो असेन. पण डेल्को फिरवताना जे मला ठाऊक नव्हते ते आता ठाऊक आहे, आणि ते कळायला इंग्रजी पुस्तिका व मिस्त्रींचे ते एक वाक्य, दोन्ही लागले. आपल्यापैकी कोणाच्या गावात असे खोके आले, तर आधी पुस्तिका वाचा आणि मग एखाद्या जुन्या मिस्त्रीला विचारा. दोघांचे एकमत झाले तरच पाना हातात घ्या.