पनवेलच्या स्वयंपाकघराला किती वॉट लागतात?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मिक्सर घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला दुकानात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला बजेट किती, आणि दुसरा 500 वॉटचा दाखवू, 750 चा की 1000 चा? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण बिचकतात आणि परवडेल तेवढा मोठा आकडा घेऊन घरी येतात. मोठी मोटर म्हणजे बारीक वाटण, एवढा सोपा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब निम्माच खरा आहे. एका मर्यादेपर्यंत मोटरची ताकद लागतेच, पण ती मर्यादा ओलांडली की वाटण बारीक होतं की भरड, मिक्सर 10 वर्षं चालतो की दोनच, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. भांड्याचा आकार, पात्याची ठेवण, मोटर सलग किती वेळ चालू शकते आणि सुटे भाग कुठे मिळतात, या त्या गोष्टी. खोक्यावर मात्र सगळ्यात ठळक अक्षरांत छापलेला असतो तो वॉटचाच आकडा.

हा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो, ती किती काम करते ते नाही. मिक्सरमधली मोटर छोटी, प्रचंड वेगाने फिरणारी आणि कार्बन ब्रशवर चालणारी असते. ओढलेल्या विजेपैकी मोठा हिस्सा ती उष्णतेत, आवाजात आणि स्वतःला गार ठेवणारा पंखा फिरवण्यात घालवते. उरलेली ताकद पात्याला मिळते, आणि पातं ती कशी वापरतं यावर सगळं अवलंबून. याचा चोख पुरावा दक्षिणेत घरोघरी दिसतो. कोइम्बतूरचा वेट ग्राइंडर, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, त्याच्या घरगुती टेबलावरच्या मॉडेलची मोटर साधारण 150 वॉटची असते. तरीही इडलीचं पीठ 750 वॉटच्या मिक्सरपेक्षा त्यात सरस होतं. कारण तिथे दगड सावकाश फिरतात आणि डाळ चिरडतात. पीठ तापत नाही आणि फुलून हलकं होतं. पाचपट वीज खाणारं यंत्र त्याच कामात मागे पडत असेल, तर वॉटवरून गुणवत्ता मोजणं चुकीचंच म्हणायचं. परदेशी ब्लेंडरवरचे अश्वशक्तीचे आकडे तर याहून फसवे. अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला 120 व्होल्ट आणि 15 अँपिअर मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॉट, सुमारे 2.4 अश्वशक्ती. तरी 3 अश्वशक्तीचे ब्लेंडर तिथे विकले गेले. ती असते क्षणभराची कमाल ताकद. सतत चालताना त्या सॉकेटमधून तेवढी वीज मिळणंच शक्य नाही.

तरीही ताकदीला काहीच अर्थ नाही असं मात्र नाही. आपल्याकडचा मिक्सर जन्मला तोच परदेशी यंत्राची ताकद अपुरी पडली म्हणून. 1960 च्या दशकात मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी जर्मन बनावटीचा ब्राउनचा मिक्सर होता. युरोपातलं सूप, फळांचा रस आणि केकचं मिश्रण डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं ते यंत्र. मसाला, खोबरं, भिजलेली डाळ रोज वाटायची तर ते टिकेना. पत्नी माधुरी यांची अडचण सोडवायला माथुरांनी दणकट मोटरचं यंत्र बनवलं, आणि त्यातून ‘सुमीत’ मिक्सर उभा राहिला. पुढची कित्येक वर्षं मराठी घरांत सुमीत हे मिक्सरचंच दुसरं नाव होतं. माथुरांनी मोटर मोठी केली, तसं पातं आणि भांडंही बदललं. परदेशी ब्लेंडरमध्ये पातळ पदार्थ गरगर फिरतो आणि पुन्हा पुन्हा पात्याखाली येतो. आपलं वाटण घट्ट असतं, फिरत नाही. सुकं खोबरं आणि धणे तर कोरडेच. म्हणून आपल्याकडे बसकं, जाड पात्याचं स्टीलचं भांडं आलं, जिथे पातं कापण्यापेक्षा आपटून फोडायचं काम अधिक करतं.

पनवेलच्या घरात रोज वाटलं जातं तरी काय? उरण नाक्यावरून मासळी आली की आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीचं हिरवं वाटण. कोंबडी-मटणाला भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं. सोलकढीसाठी ओल्या नारळाचं दूध. अधूनमधून शेंगदाण्याची, लसणाची किंवा सुक्या जवळ्याची चटणी. खारघर, कामोठे, नवीन पनवेल या बाजूला देशभरातली कुटुंबं राहायला आली आहेत. तिथे आठवड्यातून एकदा इडली-डोशाचं पीठही. यात सगळ्यात जड काम वर्षाच्या मसाल्याचं, आणि नेमकं तेच मिक्सरवर होत नाही. मार्च ते मे या दिवसांत बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, खडा मसाला भाजून, डबे कांडपावर नेण्याची रीत आगरी-कोळी घरांत अजून पक्की आहे, आणि ती योग्यच आहे. कांडपाची मुसळं वेगाने फिरत नाहीत, वरून पडून कुटतात; मसाला कमी तापतो आणि पाच-दहा किलोचा घाणा एका बैठकीत निघतो. एवढं काम घरात करता यावं म्हणून 1000 वॉटचा मिक्सर घेणं म्हणजे वर्षातल्या एका दिवसासाठी उरलेल्या 364 दिवसांचा आवाज विकत घेणं.

उरलेल्या रोजच्या कामाचं प्रमाण पाहिलं तर ते वाटीभराचं असतं. मूठभर कोथिंबीर, सहा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, चार मिरच्या. हे दीड लिटरच्या भांड्यात टाकलं की पहिल्या फटक्यात सगळं वर उडतं, कडेला आणि झाकणाला चिकटतं, आणि खाली पातं मोकळंच फिरत राहतं. मोटरचा आवाज चढतो. काम होत नाहीये याची ती खूण. मग चमच्याने खरवडा, पाणी घाला, पुन्हा फिरवा. शेवटी वाटण बारीक होतं, पण पातळही होतं आणि तेलात परतताना उडतं. हेच साहित्य 400 मिलिलिटरच्या अरुंद चटणीच्या भांड्यात दोन चमचे पाण्यावर निमूट वाटलं जातं, मोटर 500 वॉटची असली तरी. वेगाची कमतरता तर कुठल्याच मिक्सरला नसते. पात्याची दोन टोकं एकमेकांपासून 6 सेंटिमीटरवर असतील आणि मोटर मिनिटाला 18,000 फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात जातो. मिक्सर अडतो तो घट्ट वाटणात पात्याला जोर न राहिल्यामुळे, नाहीतर वाटण पात्यापर्यंत पोचतच नाही म्हणून. पहिल्या अडचणीला मोटर लागते, दुसरीला भांडं. घरगुती तक्रारी बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात.

यावर कोणी म्हणेल, जास्त ताकद असली तर बिघडलं काय? नको तेव्हा वापरू नये. दिसायला बिनतोड असलेला हा मुद्दा उष्णतेपाशी अडतो. पात्याला मिळालेली ताकद अखेर वाटणातच जिरते आणि त्याला तापवते. 750 वॉटपैकी निम्मी जरी वाटणात उतरली, तरी अर्धा किलो पाणीदार वाटण दर मिनिटाला सुमारे 10 अंशांनी तापतं. महागडे परदेशी ब्लेंडर तर पाच-सहा मिनिटांत नुसत्या घर्षणाने सूप वाफाळतं करून दाखवतात, आणि ती त्यांची जाहिरात असते! सुपाला ते ठीक. कोथिंबिरीचा हिरवा रंग, भाजलेल्या मसाल्याचा वास आणि ओल्या खोबऱ्याचं दूध यांना ही ऊब मानवत नाही. मोठी मोटर काम लवकर उरकते म्हणून वाटण कमी तापतं, हेही खरं. पण तेव्हाच, जेव्हा भांडं पुरेसं भरलेलं असतं. वाटीभर वाटणाला ती सवलत नाही. शिवाय वजन आणि किंमत वाढते, आणि सकाळी सहाला डब्याच्या घाईत मिक्सर लावला की आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत जातो.

विजेच्या बिलाची भीती मात्र उगाच घातली जाते. 750 वॉटचा मिक्सर पूर्ण ताकदीने रोज 10 मिनिटं चालला, तरी महिन्याला पावणेचार युनिट होतात. गीझर आणि एसीपुढे हा खर्च नगण्य आहे. छोटा मिक्सर घ्यावा तो बिलासाठी नव्हे.

मोठ्या ताकदीचे उंच भांड्याचे ब्लेंडर हल्ली इथेही मिळतात, आणि मुलं अमेरिकेत असलेल्या घरांत ते भेट म्हणून येतात. बर्फ, गोठवलेली फळं, बदामाचं दूध, पालकाची स्मूदी यांना त्यांची बरोबरी नाही. पण त्यांना भांड्यात भरपूर पातळ पदार्थ लागतो. दोन चमचे जिरं-मिरं त्या दोन लिटरच्या भांड्यात हरवून जातं. अमेरिकेतून आणलेलं यंत्र 120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावलं तर मोटर जळते. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर हजार-दीड हजार वॉट झेपणारा हवा, आणि तो ओट्यावर ठेवण्याजोगा नसतो. उलट दिशेनेही हेच. इथून 230 व्होल्टचा मिक्सर बॅगेत घालून न्यू जर्सीला नेला तर तिथे तो रडतखडत फिरतो. परदेशातल्या मराठी घरांसाठी 110 व्होल्टचे भारतीय मिक्सर वेगळे मिळतात, ते घ्यावेत. ब्लेंडर हे दुसरं यंत्र आहे. मिक्सर असताना हौस आणि जागा असेल तर घ्यावं, मिक्सरऐवजी नाही.

खरा अपवाद डब्याच्या व्यवसायाचा. घरूनच 20-30 डबे देणाऱ्या बाईला रोज किलोकिलोने वाटण लागतं, आणि तिथे मोठी मोटर हवीच. पण तिनेही वॉटआधी सलग चालण्याची मुदत पाहावी. घरगुती मिक्सरच्या माहितीपत्रकात सहसा पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबवा अशी सूचना आणि 30 मिनिटांची मर्यादा असते. रसाच्या दुकानांत दिसणारा सुजाता मिक्सर 900 वॉटचाच असतो, पण कंपनी तो सलग 90 मिनिटं चालण्याची ग्वाही देते. म्हणजे 1000 वॉटच्या एखाद्या घरगुती मिक्सरपेक्षा आकड्याने लहान आणि कामाला मोठा. घरगुती वॉरंटी धंद्याच्या वापराला बहुधा लागू होत नाही, तेही आधी वाचून घ्यावं.

पाट्या-वरवंट्याची चव मिक्सरला येत नाही, असं जुनी माणसं म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दगडावर लसूण, खोबरं चेचलं जातं, तेल सुटतं. पातं त्याचे बारीक तुकडे करतं. कितीही वॉट वाढवले तरी हा फरक मिटत नाही, उलट वाढतो. थोडं भरड ठेवून थांबणं एवढाच मिक्सरवरचा उपाय, आणि त्यासाठी मोटरपेक्षा झटक्याचं बटण कामाचं.

चार-पाच माणसांच्या घराला 500 ते 750 वॉट पुरतात. रोज घट्ट वाटण किंवा आठवड्याला डोशाचं पीठ असेल तर 750, नाहीतर 500. दुकानात आयएस 4250 या मानकाचं आयएसआय चिन्ह पाहा. चटणीचं भांडं हातात घेऊन पातं हलवून पाहा. ते डगडगत असेल तर पुढे तिथूनच गळती सुरू होते. भांडं स्टीलचं असावं, झाकणाची रबरी रिंग सुटी मिळत असावी. तळाशी ओव्हरलोडचं लाल बटण आहे ना, ते बघा. खाली बसवलेला कपलर रबराचा की प्लॅस्टिकचा, आणि तो जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतो का, हे विचारा. मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्या कंपन्या कपलर, पातं आणि रिंग सहसा त्यात धरत नाहीत, आणि मिक्सर सर्वांत आधी बंद पडतो तो याच भागांमुळे.