जपानला जायचे तर मुक्काम ओकायामाला

बुद्धगया झाली, सारनाथ-कुशिनारा झाले, कोणी लुंबिनीला जाऊन आले, कोणी श्रीलंकेला. आता आपल्या वस्त्यांतल्या निवृत्त मंडळींच्या बोलण्यात जपानचे नाव येऊ लागले आहे. मुले नोकरीला लागलेली असतात, फंडाचे चार पैसे हाताशी असतात आणि एकदा तरी तो देश पाहावा असे वाटते. हे पैसे कारखान्यात, रेल्वेत, पालिकेत तीस-तीस वर्षे राबून आलेले असतात. म्हणून जपानला जावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जाणार असाल तर राहायचे कोठे, याविषयी आम्हाला थोडे सांगायचे आहे.

यात्रा कंपन्यांचे छापील कार्यक्रम पाहिले तर बहुतेकांचा साचा एकच. टोकियो दोन रात्री, फुजी पर्वत एक रात्र, क्योटो दोन, ओसाका एक. रोज पहाटे उठून बॅगा बांधा, बसमध्ये बसा, संध्याकाळी नव्या हॉटेलात बॅगा सोडा. साठीच्या माणसाचे गुडघे आणि कमरेचे यात काय होते ते विचारू नका. आम्ही पाच जण गेलो होतो. त्यात आमच्या अडुसष्ट वर्षांच्या आत्या होत्या. आम्ही दुसरा मार्ग धरला. एका मध्यम शहरात सहा रात्रींसाठी खोल्या घेतल्या, बॅगा एकदाच सोडल्या. रोज सकाळी डबा-पाण्याची पिशवी घेऊन आगगाडीने निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. ते शहर म्हणजे ओकायामा.

नाव अनोळखी वाटेल, पण पुण्याच्या वाचकांना ते ठाऊक असायला हरकत नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. जपानच्या मोठ्या बेटावर, ओसाका आणि हिरोशिमा यांच्या दरम्यान हे शहर आहे. आपल्याकडे मनमाडला जसे चारी बाजूंचे फाटे मिळतात तसे येथे मिळतात. शिंकान्सेन, म्हणजे जपानची अतिवेगवान गाडी, येथे थांबते. पूर्वेला गेलात तर वीस-बावीस मिनिटांत हिमेजी, पाऊण तासात ओसाका, तासाभरात क्योटो. पश्चिमेला चाळीस मिनिटांच्या आत हिरोशिमा. दक्षिणेला समुद्रावरचा पूल ओलांडला की शिकोकू बेट. उत्तरेला डोंगरात शिरणारे दोन लहान फाटे. हिरोशिमाला राहिलो असतो तर शिकोकू आणि हिमेजी लांब पडले असते. क्योटोला राहिलो असतो तर खोलीचे भाडे चढे आणि रस्त्यांवर पर्यटकांची रेटारेटी. ओकायामाला स्टेशनसमोरच साधी हॉटेले आहेत. खोल्या आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान, पण स्वच्छ. कपडे धुण्याची नाण्यावर चालणारी यंत्रेही अशा हॉटेलांत बहुधा असतात, म्हणजे कपडे चार जोडच न्यावे लागतात.

खर्चाचेही गणित आहे. सगळ्या देशात फिरण्याचा सात दिवसांचा जो रेल्वे पास परदेशी प्रवाशांना मिळतो, त्याची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. २०२५ साली शंभर येन म्हणजे साधारण पंचावन्न ते साठ रुपये होते. त्यावरून हिशेब करा. एकाच भागात फिरायचे असेल तर एवढ्या महाग पासाची गरज नाही. ओसाका ते हिरोशिमा पट्ट्यासाठी पाच दिवसांचा वेगळा, बराच स्वस्त पास आहे आणि त्यात शिंकान्सेनही चालते, पूल ओलांडून ताकामात्सूलाही जाता येते. दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी.

पण स्वस्ताई आणि सोय हे काही आमचे मुख्य कारण नव्हते.

ससाईंचा मुलूख

भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई हे नाव नागपूरच्या लहान मुलालाही माहीत आहे. त्यांचा जन्म १९३५ साली याच ओकायामा प्रांतातल्या एका डोंगरी गावी झाला. ते गाव आज निईमी शहरात मोडते. १९६० च्या दशकात ते भारतात आले, नागपुरात राहिले, १९८८ साली भारताचे नागरिक झाले आणि १९९२ पासून महाबोधी विहाराच्या मुक्तीचा लढा पुढे घेऊन गेले. जपानला जाऊन आलेल्या आपल्या कितीतरी लोकांना हे ठाऊकही नसते आणि गाडीतून ओकायामा मागे टाकून ते हिरोशिमाला निघून जातात. याची आम्हाला खंत वाटते.

ओकायामाहून निईमी जलद गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. गाडी ताकाहाशी नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मधेच भाताची चिमूटभर खाचरे, दहा-वीस काळ्या कौलांची घरे, मग बोगदा. निईमीत पर्यटकाने पाहावे असे म्हणाल तर चुनखडीच्या गुहा आहेत. आम्हाला फक्त तो मुलूख पाहायचा होता. खिडकीतून पाहता पाहता आत्या म्हणाल्या, “एवढं थंड, हिरवं गाव सोडून हा माणूस नागपूरच्या उन्हात राहिला.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

याच फाट्याच्या वाटेवर सोजा लागते. तेथील मैदानात बित्च्यू कोकुबुन्जी हे विहार आहे. इ. स. ७४१ मध्ये सम्राट शोमूने प्रत्येक प्रांतात एक विहार बांधावा अशी आज्ञा काढली होती, त्यांपैकी हे एक. सध्याचा पाच मजली लाकडी मनोरा त्यानंतर पुष्कळ शतकांनी उभा राहिला, पण भातशेतीच्या मधोमध तो असा काही दिसतो की पाय निघत नाही. या मैदानातून सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे आणि सायकली भाड्याने मिळतात. जपानमध्ये झेन परंपरा रुजवणारे भिक्षू एइसाई ११४१ साली येथून जवळच, किबित्सूला जन्मले. चीनहून येताना त्यांनी चहाचे बी आणले असे सांगतात.

त्सुयामाकडे जाणाऱ्या दुसऱ्या फाट्यावर तान्जोजी आहे. हे होनेन यांचे जन्मस्थान. ते ११३३ साली जन्मले. नऊ वर्षांचे असताना वैऱ्यांनी रात्री घरावर हल्ला केला आणि वडिलांना प्राणघातक जखम झाली. मरताना वडिलांनी मुलाला सूड घेऊ नकोस, वैराने वैर संपत नाही, असे सांगितले, अशी परंपरागत कथा आहे. पुढे होनेन यांनी अमिताभ बुद्धाच्या नामस्मरणाचा मार्ग शेतकरी, बाया, निरक्षर अशा सर्वांना खुला केला. नामस्मरणाने मुक्ती हे बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या माणसाला पटणार नाही. आम्हालाही पटले नाही. पण पंडितांच्या मठांतून धर्म बाहेर काढून तो गरिबाच्या हाती देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हेही खरे.

कपड्याचा रंग

ओकायामा शहरातच कोराकुएन बाग आणि किल्ला आहे. स्टेशनवरून ट्रामने दहा मिनिटांत जाता येते. बाग इकेदा घराण्याच्या सरदाराने १७०० साली पुरी केली. किल्ला काळा असल्यामुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात. २९ जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला आणि १९६६ साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभा केला. लोक बागेत फोटो काढतात आणि जातात. आपण मात्र याच राज्यात काय घडले ते माहीत करून मगच बागेत जावे.

जपानमध्ये चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्यांना अस्पृश्य मानले जाई. त्यांच्या वंशजांना आज बुराकू म्हणतात. १८५६ च्या सुमारास ओकायामाच्या राज्यकर्त्यांनी काटकसरीचे फर्मान काढले आणि या लोकांसाठी त्यात आणखी पाच कलमे घातली. त्यांनी नक्षीचे कपडे वापरायचे नाहीत. बिननक्षीचे सुती कापड, तेही फक्त तुरट पर्सिमनच्या रसात तपकिरी रंगवलेले किंवा निळे. पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले फळ. पावसात लाकडी खडावा घातलेल्या असताना ओळखीचा शेतकरी समोर आला तर खडावा काढून वाकायचे, असेही एक कलम होते.

वस्त्यावस्त्यांतून बैठका झाल्या. अर्ज लिहिला गेला, तो परत आला. तेव्हा दीड हजाराच्या आसपास माणसे योशिई नदीच्या वाळवंटात जमली आणि मोठ्या सरदाराकडे अर्ज द्यायला निघाली. शस्त्र उचलले नाही. अर्ज घ्यावा लागला आणि ती कलमे कधी अमलात आलीच नाहीत. बारा पुढाऱ्यांना मात्र कैद झाली; त्यांपैकी सहा जण तुरुंगातच मेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना लुगडे कसे नेसावे, चांदी-कथलाचे दागिने का टाकावेत हे सांगितले होते. ते ज्यांच्या घरात अजून सांगितले जाते त्यांना या तपकिरी कापडाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

बौद्ध देशात हे कसे चालले, असा प्रश्न आमच्यातल्या धाकट्याने विचारला. प्रश्न योग्य आहे. अनेक विहारांनीच या लोकांच्या मृतांना हीन अर्थाची धर्मनामे देऊन ती थडग्यांवर कोरली होती. त्याबद्दल त्या संप्रदायांना पुढे समाजासमोर उभे राहावे लागले. १८७१ मध्ये कायद्याने अस्पृश्यता उठली, मार्च १९२२ मध्ये क्योटोला सुइहेइशा ही या लोकांची स्वतःची संघटना उभी राहिली, तरी १९७५ साली असे उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या छुप्या याद्या विकल्या जात आहेत आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या त्या विकत घेत आहेत. आडनाव विचारण्याची जपानी तऱ्हा ही. म्हणूनच एक विनंती आहे. आपलेपणाने का होईना, तेथे जाऊन बुराकू वस्ती कोठे आहे असे विचारत फिरू नका आणि कोणाच्या दारात कॅमेरा नेऊ नका. पत्ता उघड होणे हेच तेथे कित्येकांचे दुखणे आहे.

त्याच काटकसरीच्या फर्मानांची एक गमतीची आठवण ताटात उरली आहे. त्याआधीच्या एका सरदाराने एका जेवणात एकच कालवण आणि एकच तोंडीलावणे असा नियम केला होता म्हणे. लोकांनी मासे-भाज्या भाताखाली दडपल्या, वर साधा भात पसरला आणि खाताना डबा उलटा केला. तो भात आज ओकायामाची खासियत म्हणून विकतात. जरूर खावा.

पूल आणि हिरोशिमा

शिकोकूला जाणारा सेतो पूल एप्रिल १९८८ मध्ये सुरू झाला. वरून मोटारी, खालून आगगाडी. त्याआधी बोटीने जावे लागे. ११ मे १९५५ रोजी दाट धुक्यात दोन बोटींची टक्कर होऊन १६८ माणसे बुडाली. त्यात शाळेच्या सहलीची मुले फार होती. तेव्हापासून पुलाची मागणी जोर धरून होती. गाडीतून खाली बेटे दिसतात तेव्हा हे आठवावे. पलीकडे झेन्त्सुजी हे भिक्षू कुकाई यांचे जन्मस्थान. विहाराखाली शंभर मीटरचा काळोखा भुयारी मार्ग आहे, भिंतीला हात लावून चालायचे. आत्या आमच्या आधी बाहेर आल्या. दुपारी तेथले प्रसिद्ध उदोन खाल्ले, म्हणजे गरम रश्श्यातल्या गव्हाच्या जाड शेवया. जपानमधले सर्वांत स्वस्त पोटभर जेवण हेच. रस्सा मात्र माशाचा असतो. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

हिरोशिमासाठी पूर्ण दिवस द्या. संग्रहालयाचे तिकीट मोठ्यांना दोनशे येन होते, म्हणजे आपल्या सव्वाशे रुपयांच्या आतच. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला थांबलेली घड्याळे आणि मुलांचे जळके कपडे पाहिल्यावर त्याच दिवशी दुसरे काही पाहू नये. हिमेजीचा पांढरा किल्ला दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसात होतो.

ओकायामात उणे काय, तेही सांगतो. शहर युद्धानंतर बांधलेले, त्यामुळे रस्ते साधेच. रात्री आठनंतर सामसूम. नाराचा महाबुद्ध येथून जाऊन-येऊन करायचा म्हटले तर दमछाक होते. म्हणून परतीच्या आधीच्या दोन रात्री ओसाकाला काढा आणि नारा तेथून करा. मुंबईहून जाताना बँकॉक किंवा सिंगापूरला विमान बदलून ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरता येते, तेव्हा हे जमून जाते. दिवस एप्रिलचे किंवा नोव्हेंबरचे निवडा. जून-जुलैत पाऊस आणि ऑगस्टमध्ये आपल्यासारखाच घाम. डोंगरातल्या फाट्यांवर गाड्या कमी असतात, म्हणून निईमी आणि तान्जोजीला निघण्यापूर्वी परतीच्या गाडीची वेळ स्टेशनवरच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या.