तारेवरील मौन आणि अज्ञान

अंकीय विद्युत्मंडलात ० आणि १ असे दोनच अंक असतात, असे आपण शिकतो. तारेवरील दाब उच्च असला म्हणजे १ आणि जवळजवळ नसला म्हणजे ०. सिल्वासा परिसरातील कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रांचे नियंत्रणही याच दोन अंकांच्या बळावर चालते. परंतु मंडल प्रत्यक्ष बनविण्यापूर्वी ते संगणकावर चालवून पाहणारा जो सिम्युलेटर असतो, त्याचे काम दोन अंकांत भागत नाही. असे का व्हावे?

समजा, मंडलाला नुकतीच वीज दिली आहे. त्यातील स्मृतिघटकात ० असेल की १? खऱ्या चिपमध्ये दोहोंपैकी काहीतरी असतेच. मात्र ते कोणते, हे आधी सांगता येत नाही. सिम्युलेटरने अंदाजाने ० धरला, तर संगणकावर मंडल बिनचूक चालेल आणि तयार झालेली चिप मात्र कधी चालेल, कधी चालणार नाही. एकदा घडविलेली चिप खोडून पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून अशा जागी सिम्युलेटर ‘एक्स’ हे चिन्ह मांडतो. एक्स म्हणजे ‘ठाऊक नाही’.

दुसरे चिन्ह ‘झेड’. एकाच तारेला पुष्कळ घटक जोडलेले असतात व त्यांनी पाळीपाळीने बोलावयाचे असते. ज्याची पाळी नाही, तो तार सोडून देतो. फळ्यावर एक विद्यार्थी लिहीत असता इतरांनी खडू खाली ठेवावा, तसेच हे होय. खडू खाली ठेवणे म्हणजे फळ्यावर शून्य लिहिणे नव्हे! झेड हे मौन आहे. ० हे स्पष्ट उत्तर आहे.

आता दोघांनी एकदम खडू उचलला तर? एक ० म्हणतो, दुसरा १. प्रत्यक्षात अशा वेळी एका घटकातून दुसऱ्यात मोठा प्रवाह वाहतो, चिप तापते आणि प्रसंगी निकामी होते. सिम्युलेटर येथे कोणाचाच पक्ष न घेता एक्स असा निवाडा देतो.

सर्वांचे बळ मात्र सारखे नसते. तार एखाद्या रोधातून उच्च दाबाला जोडलेली असेल, तर तिच्यावर दुबळा १ असतो. त्याला ‘एच’ म्हणतात, आणि दुबळ्या शून्याला ‘एल’. सारे मौन असता एच टिकतो. समर्थ ० आला की तो हटतो. एच आणि एल भिडले, तर ‘डब्ल्यू’, म्हणजे दुबळे अज्ञान. व्ही.एच.डी.एल. या मंडल-वर्णनाच्या भाषेसाठी आय-ट्रिपल-ई या संस्थेने १९९३ साली ठरविलेल्या ११६४ क्रमांकाच्या मानकात अशा एकूण नऊ अवस्था असून, कोणत्याही दोन अवस्था एकत्र आल्यास काय व्हावे, याचा तक्ताच दिलेला आहे. व्हेरिलॉग या दुसऱ्या भाषेत ०, १, एक्स व झेड या चार अवस्था असून बळाच्या पायऱ्या निराळ्या मोजल्या जातात.

अज्ञान सर्वत्र पसरतेच असे नाही. अँड गेटला एकीकडून ० मिळाला, तर दुसरीकडे एक्स असूनही उत्तर निश्चित ० असते. १ आणि एक्स यांचे उत्तर मात्र एक्स. येथेच एक धोकाही आहे. ‘संकेत १ असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी आज्ञा असता, तारेवर एक्स असल्यास सिम्युलेटर ‘नाहीतर’ची वाट धरतो. तेथे अज्ञान लपते आणि पुढील सर्व उत्तरे खोटीच स्वच्छ दिसू लागतात. म्हणून कुशल अभियंता उत्तरांइतकाच एक्सचा माग काढतो आणि आरंभी प्रत्येक महत्त्वाचा स्मृतिघटक ठरावीक स्थितीत आणण्याची सोय करतो.

जिज्ञासू विद्यार्थ्यांना हा अभ्यास घरच्या संगणकावरही करता येईल. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.मधील फॉसी प्रकल्पाने ‘ई-सिम’ ही मोफत प्रणाली तयार केली आहे; व्ही.एच.डी.एल.मधील घटकांसाठी ती जी.एच.डी.एल. या मोफत सिम्युलेटरचे साहाय्य घेते. या जी.एच.डी.एल.मध्ये एकाच तारेवर एका घटकाकडून ० व दुसऱ्याकडून १ पाठवून पाहावा. पडद्यावर उमटणारा एक्स म्हणजे सिम्युलेटरचे अपयश नव्हे; चिप घडण्यापूर्वी मिळालेली ती सूचना होय.