सोनेरी नावाचं विष

आर्सेनिक म्हटलं की आठवते पांढरी, जवळपास बेचव भुकटी, आपल्याकडचा सोमल. विषप्रयोगांच्या इतिहासात तो ठायी ठायी भेटतो. पण आर्सेनिक हे नाव जन्मलं ते एका पिवळ्याधमक खनिजासाठी.

ग्रीक त्या खनिजाला 'अर्सेनिकोन' म्हणत. त्यांच्या भाषेत 'अर्सेनिकोस' म्हणजे पुरुषी, म्हणून काही जण या नावाचा अर्थ थेट पौरुषाशी जोडतात. ते अर्धसत्य आहे. शब्द आला इराणकडून, वाटेत सिरियाक भाषेला स्पर्श करत. ग्रीकांनी तो आपल्या ओळखीच्या शब्दासारखा वळवून घेतला, इतकंच. फारसीत तो 'जर्निख'. त्यातला 'जर' म्हणजे सोनं, पैठणीच्या जरीकाठातला तोच.

खरी गंमत पुढे आहे. हे खनिज म्हणजे आपला हरताळ, संस्कृतात हरिताल. 'हरि' म्हणजे पिवळसर. संस्कृतात जिथे 'ह' येतो तिथे प्राचीन इराणी भाषांत अनेकदा 'ज' सापडतो: आपलं हिरण्य, अवेस्तातलं 'जरन्य'. म्हणजे हरताळातला 'हरि' आणि आर्सेनिकच्या पोटातला 'जर' एकाच धातूचे. हा धातू अर्थात व्याकरणातला!

हरताळात आर्सेनिकच्या दोन अणूंमागे गंधकाचे तीन अणू असतात. प्रकाशातला निळा-जांभळा भाग तो शोषून घेतो, म्हणून पिवळा दिसतो. पाण्यात तो फारसा विरघळत नाही. मात्र हवेत भाजला की गंधक वायू होऊन निघून जातो, आर्सेनिक ऑक्सिजनशी जुळतो आणि गार जागी पांढरा थर धरतो. हाच सोमल. पिवळ्याचं नाव असं पांढऱ्याला आणि पुढे मूलद्रव्यालाही चिकटलं. पोटात गेल्यावर हा आर्सेनिक पुन्हा गंधकच गाठतो, पण या वेळी आपल्या विकरांमधला. ती बंद पडली की पेशींचं ऊर्जा मिळवणंच थांबतं.

पोथ्यांच्या लेखनिकांना हरताळ हाताशी लागे. चुकलेल्या अक्षरावर त्याचा लेप द्यायचा, वाळला की वर पुन्हा लिहायचं. 'हरताळ फासणे' आलं ते इथून. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, त्यात हाट आणि टाळं आहे. किडीपासून जपण्यासाठी कधी अख्खा कागदच हरताळाने पिवळा केला जाई. त्यामुळे जुन्या पोथीचं पान बोटाला थुंकी लावून उलटू नये.