सूज उतरली, तरी शीर बंदच

"इंजेक्शनने नीट दिसू लागलं डॉक्टर, मग पुन्हा फोटो कशाला?" उत्तनजवळच्या पालीहून येणाऱ्या एका मच्छीमार काकांचा हा प्रश्न रास्त आहे. रक्तदाबाने कडक झालेली रोहिणी दृष्टिपटलातली नीला दाबते, तिथे गुठळी होते. मागे तुंबलेल्या रक्तातले पाणी झिरपून दृष्टीचा मध्य सुजतो. इंजेक्शन ही गळती रोखते, गुठळी काढत नाही. शिवाय परिणाम महिना-दोन महिन्यांत ओसरतो.

हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचून काढायचे फोटो आजही लागतात. पण ओसीटी अँजिओग्राफी रंगाविनाच, धावत्या रक्तपेशींवरून केशवाहिन्यांचे जाळे दाखवते. काकांची सूज गेली होती, जाळ्यातली भोके कायम होती. फाटके जाळे त्यांना समजावून सांगावे लागले नाही! भोके मोठी असली, तर पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या उगवून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्या वेळीच दिसल्या, तर लेसरने आवरता येतात.